यमुनेवरील लोखंडी पूल

पावसाळा भरात आला की दिल्लीच्या वृत्तपत्रांत आणि आकाशवाणीच्या बातम्यांत एक वाक्य वारंवार येऊ लागते : जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी इतके मीटर झाली. कधी हा आकडा २०४ च्या आसपास असतो, कधी २०५ च्या पुढे सरकतो. त्यातील एकदोन दशांशांच्या फरकावर हजारो कुटुंबांचे त्या रात्रीचे झोपणे अवलंबून असते. ज्या पुलाचा हा उल्लेख असतो तो दिल्लीकरांच्या बोलण्यात 'लोहे का पुल' म्हणून ओळखला जातो. रेल्वेच्या दप्तरात त्याचा क्रमांक २४९ आहे. इंग्रजी अमदानीत आगगाडी नदीपार नेण्यासाठी बांधलेला हा पूल पुढे नदीची उंची मोजण्याचे शहराचे मुख्य ठिकाण कसा बनला, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम त्या आकड्याचा अर्थ पाहू. २०५ मीटर म्हणजे नदीत २०५ मीटर खोल पाणी आहे, असे नव्हे. दिल्ली समुद्रसपाटीपासून बरीच उंच वसलेली आहे. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, ते या आकड्यावरून कळते. पुलापाशी २०४.५० मीटर ही इशाऱ्याची आणि २०५.३३ मीटर ही धोक्याची पातळी मानली जाते. पाणी २०६ मीटरपर्यंत चढले की नदीकाठच्या सखल भागातील वस्ती हलविण्यास आरंभ होतो. पाऊण-एक मीटरच्या अंतराने इशाऱ्याचा धोका होतो आणि धोक्याचे स्थलांतर होते.

हा पूल नव्हता तेव्हा यमुना ओलांडणे ही केवढी बाब होती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. हिवाळ्यात व उन्हाळ्यात नदीचे पात्र आक्रसते, वाळूची बेटे उघडी पडतात आणि काही ठिकाणी पायी उतार मिळतो. अशाच हिवाळ्यात, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीच्या उत्तरेला बुराडी घाटावर नदी ओलांडून आलेल्या शत्रूशी लढताना दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली जिंकली. परंतु अहमदशाह अब्दाली पैलतीरी आणि मराठी फौज अलीकडे, अशी दोन्ही सैन्ये दुथडी भरलेल्या यमुनेने अडवून धरली. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी ओसरू लागले तेव्हा अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपत येथे धोका पत्करून नदी पार केली आणि भाऊंचा दक्षिणेकडील मार्ग रोखला. पुढे पानिपतावर जे घडले त्यामागे अनेक कारणे होती. पण कोणी, कोठे आणि केव्हा नदी ओलांडली, हे त्यांतील लहानसहान कारण खचितच नव्हते.

दिल्ली शहरापाशी नित्याच्या वाहतुकीसाठी असे ती नावांची रांग. एकीला एक अशा नावा बांधून, त्यांवर फळ्या टाकून रस्ता केला जाई. यालाच नावांचा पूल म्हणत. पूर आला की तो सोडून घ्यावा लागे आणि पाणी उतरल्यावर पुन्हा जोडावा लागे. तरीही हा तकलादू पूल इतिहासात अजरामर झाला आहे. १० मे १८५७ रोजी मीरत येथे उठाव करणारे शिपाई रात्रभर घोडदौड करून दुसऱ्या दिवशी सकाळी याच पुलावरून दिल्लीत शिरले आणि बहादूरशाह जफर यांच्यापुढे उभे राहिले. शहराचे भवितव्य त्या सकाळी बदलले. नावांच्या या पुलाच्या परिसरातच काही वर्षांनी लोखंडी पूल उभा राहिला.

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीची गाडी कलकत्त्याच्या बाजूस, हावड्याहून हुगळीपर्यंत धावू लागली. तेथून वायव्येकडे, गंगा-यमुनेच्या सुपीक प्रदेशातून दिल्लीपर्यंत रूळ नेण्याचे काम या कंपनीने अंगावर घेतले. १८५७ च्या उठावाने कामात खंड पडला. मात्र त्याच उठावाने सरकारला रेल्वेची निकडही पटवून दिली. सैन्य आणि दारूगोळा आठवड्यांऐवजी दिवसांत हलविता आला असता तर आपली इतकी हानी झाली नसती, असे इंग्रज अधिकाऱ्यांना वाटत होते. यास्तव रेल्वेकडे पाहताना व्यापार आणि लष्कर या दोन्ही बाजू ध्यानात ठेवणे इष्ट ठरते.

१८६४ पर्यंत रूळ यमुनेच्या डाव्या काठापर्यंत, म्हणजे दिल्लीच्या समोरच्या तीरापर्यंत आले होते. कलकत्त्याहून निघालेल्या गाडीला वाटेत अलाहाबादेस यमुना आडवी येई. तेथे प्रारंभी डबे नावांवर चढवून पलीकडे नेत. १५ ऑगस्ट १८६५ रोजी तेथील नैनीचा पूल सुरू झाल्यावर हा अडथळा दूर झाला. उरली ती फक्त दिल्लीपाशी असलेली शेवटची नदी. आगगाडीतून शेकडो कोस आलेला प्रवासी तीरावर उतरे आणि अखेरचा टप्पा जुन्याच पद्धतीने, नावांच्या पुलावरून पार करी.

शिक्षा म्हणून दिल्लीला बाजूला टाकावे आणि मुख्य लोहमार्ग मीरतेकडून पंजाबात न्यावा, असाही एक विचार त्या काळी चालू होता. शहरातील व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. उठावानंतर झालेल्या कत्तलीने आणि हद्दपारीने आधीच उजाड झालेल्या शहराला लोहमार्ग मिळाला नसता तर त्याची बाजारपेठही गेली असती. अखेर रेल्वे दिल्लीत आणण्याचे ठरले. ती आणताना तटबंदीच्या बाहेर न ठेवता थेट शहराच्या आत, लाल किल्ल्याला खेटून आणली गेली. उजव्या काठावर, लाल किल्ल्याच्या उत्तरेस सलीमगड हा जुना किल्ला आहे. शेरशाहाचा पुत्र सलीमशाह सूर याने तो १५४६ मध्ये बांधला. जहांगीर बादशहाने या किल्ल्याला काठाशी जोडणारा एक दगडी पूल १६२२ च्या सुमारास बांधला होता. लोहमार्गासाठी तो पाडण्यात आला आणि रूळ सलीमगडाच्या मधून नेण्यात आले. आजही जुन्या दिल्ली स्थानकातून पूर्वेकडे निघालेली गाडी किल्ल्याचा तट भेदून पुलावर येते, ती त्या निर्णयामुळे.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे वळू. येथे खरी अडचण नदीच्या रुंदीची नव्हती. ती तळाची होती. सह्याद्रीतील नदीचे पात्र थोडे खणले तरी काळा कातळ लागतो आणि पुलाचा खांब त्यावर निर्धास्त उभा करता येतो. उत्तरेच्या मैदानातील नद्यांची गोष्ट निराळी आहे. हिमालयातून वाहून आलेली वाळू आणि गाळ यांचे थर तेथे खोलवर पसरलेले असतात. शिवाय ही वाळू स्थिर राहत नाही. पूर आला की वेगवान पाणी तळाची वाळू उचलून पुढे नेते. म्हणजे पुरात पाणी वर चढते तसेच पात्र खालीही खणले जाते. पुलाचा खांब प्रवाहाला आडवा येत असल्याने त्याच्या बुडाशी भोवरे उठतात आणि तेथली झीज सर्वांत अधिक होते. उन्हाळ्यात भक्कम दिसणारा पाया पावसाळ्यात अधांतरी राहतो आणि खांब कलतो. अशा नदीत पाया किती खोल न्यावा, याचे उत्तर इंग्लंडमधील अभियंत्यांजवळ तयार नव्हते; कारण त्यांच्या देशात अशा नद्याच नव्हत्या.

उत्तर मिळाले ते येथल्या विहिरींत. वाळवंटी किंवा गाळाच्या जमिनीत विहीर खणताना कडा ढासळू नयेत म्हणून भारतातील कारागीर एक युक्ती पूर्वापार वापरत आले आहेत. प्रथम लाकडाचे मजबूत गोल कडे जमिनीवर ठेवावयाचे. त्यावर विटांची गोल भिंत रचावयाची. मग आत उतरून कड्याखालची वाळू काढीत जावयाचे. वाळू निघेल तसतशी ती भिंत स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. वरून विटांचे थर चढवीत राहिले की विहीर खोल खोल उतरते. पाणी लागल्यावरही काम थांबत नसे. बुड्या मारणारे मजूर दम कोंडून तळाशी जात आणि 'झाम' नावाच्या मोठ्या फावड्यात वाळू भरून देत. वरचे गडी दोराने ती ओढून काढीत.

दिल्लीच्या आधीही मोठ्या बांधकामांत ही रीत वापरली गेली होती. पुलासाठी फरक एवढाच, की ही विहीर पाणी काढण्यासाठी नसते. योग्य खोलीपर्यंत उतरल्यावर तिचे पोट भरून टाकतात आणि ती वाळूत रुतलेला एक भरीव खुंट बनते. त्यावर पुलाचा खांब उभारावयाचा. नदीने वरची कित्येक हात वाळू खणून नेली तरी खुंटाचा खालचा भाग घट्ट राहतो. वजन पेलण्यास केवळ तळ नव्हे, तर भोवतालच्या वाळूची पकडही साहाय्य करते. पुढे झामाची जागा वाफेवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली, विटांऐवजी काँक्रीट आले. पण मैदानी नद्यांवरील पुलांचा पाया आजही 'विहीर' या शब्दानेच ओळखला जातो. पुलाच्या इतिहासात विलायतेहून आलेल्या लोखंडाचे कौतुक भरपूर होते. थंड पाण्यात बुडी मारून वाळू भरणाऱ्या माणसांची नावे मात्र कोठेच नोंदलेली नाहीत, आणि पूल उभा आहे तो त्यांच्या कामावर.

खांबांवरील सांगाडा खरोखरच विलायती होता. लोखंडी तुळयांचे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने कलकत्त्यास येत, तेथून वर देशात नेले जात आणि जागेवर रिव्हेट ठोकून जोडले जात. दिल्लीच्या पुलाला प्रत्येकी २०२.५ फुटांचे, म्हणजे जवळजवळ ६२ मीटरचे १२ गाळे आहेत. दोन खांबांमधील मोकळ्या जागेस गाळा म्हणतात. पुलाची एकंदर लांबी २,६४० फूट, म्हणजे सुमारे ८०० मीटर भरते. लोखंड उन्हात प्रसरण पावते, हे शाळेत आपण शिकतो. दिल्लीच्या कडक हिवाळ्यातील पहाट आणि जेठातील दुपार यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर ६२ मीटर लांबीची तुळई सुमारे तीन सेंटिमीटरने लांबते. तिला दोन्ही टोकांना घट्ट जखडले तर ती खांबालाच रेटा देईल. म्हणून अशा पुलांत तुळईचे एक टोक थोडे सरकू शकेल अशी योजना करतात.

हा पूल दुमजली आहे. वरून आगगाडी आणि तिच्या खालून, जाळीदार लोखंडी भिंतींच्या मधून, रस्ता. बैलगाड्या, टांगे आणि पादचारी यांची नावांच्या पुलावरची दरवर्षीची ओढाताण या खालच्या मजल्याने संपविली. पुलाचे काम १८६६ मध्ये पूर्ण झाले आणि १८६७ च्या आरंभी कलकत्त्याकडून आलेली गाडी यमुना ओलांडून दिल्लीत शिरली. प्रारंभी पुलावर एकच लोहमार्ग होता. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली, वाहतूक वाढली आणि १९१३ मध्ये शेजारी तुळया घालून दुसरा मार्ग टाकण्यात आला. शहराला याची किंमतही मोजावी लागली. रूळ व स्थानक यांसाठी दाट वस्तीतून रुंद पट्टा मोकळा करण्यात आला. कित्येक घरे गेली आणि तटाच्या आतील शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले. त्याच लोहमार्गाने दिल्लीला उत्तर भारताची मोठी घाऊक बाजारपेठ बनविले, हेही तितकेच खरे. धान्य, कापड, मसाले यांची उलाढाल स्थानकाच्या आजूबाजूस वाढत गेली.

पूल जुना झाला तसतसे त्याचे दुसरे काम पुढे आले. खांब जागचे हलत नाहीत आणि त्यांच्या आसपास पाण्याची उंची वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी नोंदविता येते. त्यामुळे आजचा पूर मागच्या पुराशी ताडून पाहता येतो. नदीची उंची सांगण्यासाठी शहरात याहून परिचित खूण नाही. ६ सप्टेंबर १९७८ रोजी येथे २०७.४९ मीटर पातळी नोंदली गेली. त्या पुरात दिल्लीचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि पुढे साडेचार दशके हा आकडा उच्चांक म्हणून सांगितला जात असे. जुलै २०२३ मध्ये तो मोडला. १३ जुलैस पाणी २०८.६६ मीटरवर पोहोचले. पुलावरील गाड्या थांबवाव्या लागल्या. रिंग रोड, काश्मिरी गेट, राजघाट हे भाग जलमय झाले आणि लाल किल्ल्याच्या तटाला पुन्हा यमुना लागली. शाहजहानच्या काळी ती तेथूनच वाहत असे. पाणी शुद्ध करणारी केंद्रेच बुडाल्याने पुराने वेढलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली.

या नोंदींतून विचार करावयास लावणारी एक गोष्ट निघते. दिल्लीच्या वरच्या बाजूस हरियाणात हथनीकुंड येथे बंधारा आहे. तेथून पुढे जाणारे पाणी क्यूसेकमध्ये मोजतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये हथनीकुंडाहून ८ लाख २८ हजार क्यूसेकपर्यंत पाणी वाहिले, तेव्हा दिल्लीच्या पुलापाशी पातळी २०६.६० मीटर झाली. २०२३ मध्ये तेथील सर्वाधिक प्रवाह ३ लाख ५९ हजार क्यूसेक होता. म्हणजे पाणी निम्म्याहून कमी आणि पातळी मात्र दोन मीटरने अधिक.

असे कसे झाले? मोठा प्रवाह त्या वर्षी अधिक तास टिकून राहिला आणि दिल्लीच्या परिसरातही मुसळधार पाऊस पडला, हे एक कारण. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. दिल्लीत वझीराबाद ते ओखला हा नदीचा टप्पा अवघा २२ किलोमीटरचा आहे. एवढ्यात तिच्यावर पुलांमागून पूल व बंधारे झाले आहेत. प्रत्येक बांधकामापाशी प्रवाह थोडा अडतो आणि गाळ बसतो. पुराचे पाणी पसरावे म्हणून निसर्गाने राखलेल्या काठच्या सखल जमिनीवर भराव पडले, रस्ते झाले, इमारती उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला असलेल्या आयटीओ बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने अडकून बसल्याचे उघडकीस आले. रुंद परातीत ओतलेले पाणी तळाशी पसरते. तेवढेच पाणी अरुंद लोट्यात ओतले तर काठापर्यंत चढते. यमुनेची परात हळूहळू लोटा होत चालली आहे, आणि ते पुलावरच्या आकड्यांत उमटते. अर्थात ८०० मीटरचा जुना पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भराव हेदेखील नदीला आवळणाऱ्या बांधकामांपैकीच एक, किंबहुना आधीचे एक, आहे. साक्षीदारही या प्रकरणात पूर्णपणे निर्दोष नाही.

नदीकाठच्या या सखल पट्ट्याला दिल्लीत 'खादर' म्हणतात. पूर ओसरताना मागे राहणारा गाळ सुपीक असतो, म्हणून तेथे भाजीपाला व फुले पिकविणारी कुटुंबे झोपड्या करून राहतात. पुराचा फटका सर्वांत आधी त्यांना बसतो. हथनीकुंडाहून सुटलेले पाणी दिल्लीस पोहोचण्यास साधारण दोन-तीन दिवस घेते. हा अवधी गुरे, धान्य, मुलांची पुस्तके आणि कागदपत्रे रस्त्यापर्यंत चढविण्यासाठी मिळतो. मग उंचवट्यावरील रस्त्यांच्या कडेला ताडपत्रीचे तंबू पडतात आणि पाणी उतरेपर्यंत संसार तेथे चालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पातळी पुन्हा २०७ मीटरच्या वर गेली तेव्हाही हेच तंबू उभे राहिले आणि पूल वाहतुकीस बंद झाला. २०२३ च्या उच्चांकापासून पाणी त्या वेळी सव्वा मीटरच्या आसपास खाली होते. तरी खादरातील बहुतेक झोपड्या पाण्यात होत्या. अशा दिवसांत केंद्रीय जल आयोगाकडे पुलापाशी दर तासाला पातळीची नोंद होते, आणि तंबूंतील माणसे रात्री शेजाऱ्याला एवढेच विचारतात, की पुलावर आता किती झाले.